निकालाच्या पुढचं पान

भाजलेल्या वांग्यांचा वास आला की जळगावचं आमचं जुनं ऑफिस आठवतं. डब्यातलं भरीत वाढता वाढता आमच्या प्रमुख, ज्यांना सगळे अक्का म्हणत, माझ्याशी वाद घालत होत्या. कॉलेजचे निकाल दाखवणाऱ्या जावा सर्व्हरच्या पुढे एक वेब सर्व्हर ठेवावा, म्हणजे मागचा बंद पडला तरी पुढचा लोकांना काहीतरी दाखवेल, असा माझा हट्ट होता. "आणखी एक लोढणं कशाला?" त्या म्हणाल्या, पण निकालापुरती परवानगी दिली. निकालाच्या दिवशी मागचा सर्व्हर गर्दीने बंद पडलाच. पुढच्याने मात्र अक्कांनीच अहिराणीत लिहिलेलं, सगळ्यांचा निकाल तयार आहे असं सांगणारं पान दाखवलं, "घाबरू नका, बठ्ठास्ना निकाल तयार शे. जरासा थांबा." थोड्या वेळाने धुळ्याहून एका मुलीचा फोन आला. "रडत होते मी, ते वाचून हसूच आलं." अक्कांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "राहू दे तुझा सर्व्हर." आज पुढे असा सर्व्हर का ठेवायचा असं कुणी विचारलं तर मी त्याची तांत्रिक कारणं सांगतो, पण खरं कारण मला ती मुलगीच वाटते.