पाठमोरा कंडक्टर

कंडक्टरने स्वयंपाकघरात मीठ मागितलं, तर शेजारची बाई वाटी घेऊन दारात उभी राहायची. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. उभी हयात बसमध्ये "पुढे सरका, पुढे सरका" ओरडण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर बस सुटली, आवाज काही सुटला नाही. बायको होती तोवर म्हणायची, "अहो, घरात आपण तिघंच आहोत. बस भरलेली नाहीये." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं, "पण ऐकू आलं ना?"

तिसरी म्हणजे मुलगी. तिला सगळंच ऐकू यायचं. संध्याकाळी जिन्यात त्याच्या चपला वाजल्या, की ती पुस्तक उचलून आतल्या खोलीत जायची. कंडक्टरला वाटायचं, पोरगी मोठी अभ्यासू आहे.

पुढे मुलीचं लग्न झालं आणि ती दुसऱ्या गावी गेली. बायको एका आजारपणात गेली. घरात ओरडायला कुणी उरलं नाही, तेव्हा कंडक्टर भांडण शोधत बाहेर पडू लागला. रस्त्याच्या टोकाला जुन्या गोदामात बेवारस कुत्र्यांचा निवारा होता. कुत्री भुंकतात, झोप लागत नाही, हे सांगायला तो एका सकाळी तिथे जाऊन धडकला. निवारा चालवणारी डॉक्टरीणबाई हातात सलाईनची बाटली धरून उभी होती. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. ती बादली जरा शेवटच्या पिंजऱ्यापाशी नेता का? माझा हात अडकलाय."

सुसरीच्या पाठीसारखे खडबडीत शब्द तयार ठेवून आलेला माणूस बादली घेऊन निघाला.

शेवटच्या पिंजऱ्यात एक करडा कुत्रा होता. बंद पडलेल्या कारखान्यात, यंत्रांच्या खाली जन्मलेला. माणसाचा हात म्हणून कधी अंगाला लागला नव्हता, लागले ते दगड. तोंड कोपऱ्यात, शेपूट पायांत, आणि कुणी नुसतं बघितलं तरी खाली लघवीचं थारोळं. कंडक्टरने आपल्या परीने प्रेमाने हाक मारली, "काय रे, बाहेर ये की!"

कुत्र्याने जाळीवर अशी झेप घेतली, की तोंड फुटलं. रक्त बघून कंडक्टरच्या हातातली बादली कलंडली.

"मी नुसती हाक मारली हो," तो म्हणाला.

"त्याला हाक काय असते ते माहीत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्याला फक्त आवाज माहीत आहे."

कंडक्टर घरी गेला, पण जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. लांबूनच बघून म्हणाला, "शेवटच्या सीटवर बसायचं, तोंड खिडकीकडे करायचं, नजर द्यायची नाही. बाई, हा विनातिकीट आहे. मी यांना वासावरून ओळखतो." नाव पडलं ते पडलंच.

मग कंडक्टरची शाळा सुरू झाली. या वयात हाताची घडी, तोंडावर बोट. डॉक्टरीणबाईने शिकवलं ते असं: पिंजऱ्यात जायचं आणि कुत्र्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं. वळून बघायचं नाही. हात पुढे करायचा नाही. उकडलेल्या कलेजीचा तुकडा खांद्यावरून मागे टाकायचा आणि विसरून जायचं. तो खाईल, न खाईल, त्याची मर्जी. "भित्र्या प्राण्याला डोळे सहन होत नाहीत," ती म्हणाली. "पाठ सहन होते."

आणि एक नियम तिने दोनदा सांगितला. रोज एकाच माणसाने बसायचं नाही. आज तुम्ही, उद्या मी, परवा झाडूवाली. कपडे वेगळे, वास वेगळा, आवाज वेगळा. "एका माणसाची सवय लावायची नाही, कंडक्टर. माणूस जातो. माणसं राहतात."

"समजलं," कंडक्टर म्हणाला. समजलं होतंही.

नुसतं बसून करायचं काय, म्हणून तो आपल्या जुन्या मार्गावरचे थांबे म्हणू लागला. गिरणी, दवाखाना, पोस्ट, शाळा, तलाव. आधी त्याची कुजबुजसुद्धा अशी, की शेजारच्या पिंजऱ्यातली कुत्री उठून उभी राहायची. डॉक्टरीणबाई लांबून तळवा खाली दाबून खूण करायची, अजून हळू, अजून. त्याला घाम फुटायचा. हळूहळू आवाज गळ्यातून छातीत उतरला. गल्लीतल्यांना गंमत वाटायची. शेजारी म्हणाला, "अहो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच."

"सरळ कोण करतंय?" कंडक्टर म्हणाला. "पायांतून बाहेर आलं तरी पुरे."

आणि एका दुपारी, शाळा झाली होती आणि तलाव यायचा होता, तेव्हा त्याच्या पाठीला काहीतरी थंड, ओलं टेकलं. नाक. क्षणभर टेकलं आणि उचललं गेलं. मग पुन्हा टेकलं. वळायचं नव्हतं. कंडक्टर तसाच बसून राहिला आणि बायको गेली तेव्हा न आलेलं रडू त्याला तेव्हा आलं, ओठ घट्ट मिटून. तलाव कसाबसा म्हटला.

इथून पुढे त्याचं पाऊल वाकडं पडलं. ते नाक दुसऱ्या कुणाच्या पाठीला टेकलेलं त्याला बघवेना. झाडूवालीची पाळी असली की हा म्हणायचा, "तुझं काम पडलंय, जा तू, मी बसतो." डॉक्टरीणबाईची पाळी असली की, "बाई, त्या पिल्लांची औषधं राहिलीत." तिच्यामागे शंभर व्याप. तिचं लक्ष राहिलं नाही. कंडक्टर रोज तोच जुना खाकी शर्ट घालून रोज तोच माणूस होऊन बसू लागला. विनातिकिटाचं शेपूट पायांतून बाहेर आलं. तो हातातून खाऊ लागला, पायावर हनुवटी टेकून झोपू लागला. सगळ्यांनी कौतुक केलं. डॉक्टरीणबाई स्वतःच म्हणाली, घेऊन जा घरी.

घरी तो कंडक्टरची सावली झाला. दूधवाला आला की कॉटखाली, शेजारी आला की कॉटखाली. "माझ्याशिवाय कुणाला जवळच येऊ देत नाही हो," कंडक्टर तक्रार करायचा, पण आपला मुलगा फार देखणा असल्याची तक्रार आई ज्या सुरात करेल, त्याच सुरात.

मग पोटात दुखायला लागलं. त्याने अंगावर काढलं. शेवटी जिन्यात पडला, तेव्हा शेजाऱ्याने दवाखान्यात नेलं आणि मुलीला फोन केला. विनातिकिटाला निवाऱ्यात पाठवलं.

मुलगी आली. मोठ्या डॉक्टरने तिला खोलीबाहेर नेऊन सांगितलं, की दुखणं सगळीकडे पसरलंय, आता घरीच न्या, होईल तेवढं सुख द्या. कंडक्टरचे कान भरलेल्या बसमध्ये शेवटच्या सीटवर नाणं पडलेलं ऐकायचे. त्याने सगळं ऐकलं. ती डोळे पुसून आत आली, तर त्याने विचारलं, "विनातिकीट जेवला का?"

जेवला नव्हता. कोपऱ्यात तोंड, पायांत शेपूट, खाली थारोळं. पाणी ठेवायला गेलेल्या डॉक्टरीणबाईच्या हाताला पट्टी होती. ती कंडक्टरला भेटायला घरी आली. आजारी माणसाशी गोड बोलायची तिची इच्छा होती, पण तिला ते जमेना.

"तुम्ही त्याला माणसांवर विश्वास ठेवायला नाही शिकवलंत," ती म्हणाली. "तुमच्यावर शिकवलंत. दोनदा सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत," कंडक्टर म्हणाला.

"असा कुत्रा मागे राहिला की खाणं सोडतो. मी पाहिलंय. मग मला त्याला कायमचं झोपवायची सुई द्यावी लागते."

दाराशी मुलगी उभी होती. ती म्हणाली, "मी बसते त्याच्यापाशी. नंतर घेऊन जाईन."

"तू?" कंडक्टर म्हणाला. "तुला तर लहानपणी कुत्र्यांची भीती वाटायची. मी घरी यायचो तेव्हा गल्लीतली कुत्री भुंकायची, आणि तू आतल्या खोलीतून बाहेर यायची नाहीस."

"मला कुत्र्यांची भीती कधीच वाटली नाही, बाबा," मुलगी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

उरलेलं वाक्य कंडक्टरने स्वतःच पुरं केलं. डॉक्टरीणबाईने खिडकीबाहेर बघण्याचं निमित्त केलं.

विनातिकिटाला घरी आणलं. मुलीने बापाचा खाकी शर्ट घातला, न धुतलेला. कंडक्टर उशीला टेकून तिला शिकवू लागला. "घाई नाही. हात मांडीवर. श्वास सोड. तो येईल तेव्हा येईल. नाही आला तरी तुझं काही चुकलं नाही." दुपारभर हे त्याच खालच्या आवाजात चाललं होतं. मधेच ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू केला, पण नळाच्या आवाजात रडणं लपत नाही. परत आली तेव्हा म्हणाली, "इतकं हळू बोलता यायचं तुम्हाला?"

"मला तरी कुठे माहीत होतं," कंडक्टर म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुझ्या वेळेला यायला हवं होतं, बाळ. नाही आलं."

तिने त्याच्या अंगावरची चादर नीट केली, आणि करून झाल्यावर पुन्हा केली.

पण कुत्रा काही तिच्याकडे जाईना. तिला वळसा घालून तो कॉटपाशी यायचा आणि कंडक्टरच्या हाताखाली डोकं घालायचा. आठवडे चालले होते, कंडक्टर वाळत चालला होता, आणि कुत्रा त्याच्याशिवाय कुणाच्या हातचं घेत नव्हता. डॉक्टरीणबाई पुन्हा आली. या वेळी तिने हळू सांगितलं.

"आता तुम्ही भिंत व्हायचं. खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, बोलायचं नाही. जवळ आला तरी वळायचं नाही."

"त्याला वाटेल मी रागावलो."

"वाटेल."

"त्याला वाटेल, मीसुद्धा..."

"हो," ती म्हणाली. "पण तो जेवेल."

दुसऱ्या दिवसापासून मुलगी त्याला उचलून खुर्चीत बसवू लागली, तोंड भिंतीकडे. त्याच्या अंगात धुतलेला, साबणाच्या वासाचा, नवा सदरा. मागे जमिनीवर ती, हातात कलेजीची वाटी. पहिल्या दिवशी विनातिकीट खुर्चीभोवती फिरला आणि समोर येऊन उभा राहिला. कंडक्टरने डोळे मिटून घेतले. मग तो मागे गेला आणि रडल्यासारखा बारीक आवाज काढू लागला. इतक्या दिवसांत, तोंड फुटलं तेव्हासुद्धा, त्याने तसा आवाज काढला नव्हता. कंडक्टरने एका हाताने दुसरा हात धरून ठेवला. कॉटवर परत नेताना मुलीला त्याच्या मनगटावर नखांच्या खुणा दिसल्या. असं रोज चाललं. कुत्रा उपाशी, बाप जवळजवळ उपाशी, आणि मधे मुलगी.

मग एका सकाळी मुलगी थांबे म्हणू लागली. तिला कुणी शिकवले नव्हते. बाप घरी येऊन दिवसभराच्या फेऱ्या सांगायचा, तेव्हा आतल्या खोलीत पुस्तक उघडं ठेवून तिने ते लहानपणापासून ऐकले होते, फक्त मोठ्या आवाजात. गिरणी, ती हळू म्हणाली. दवाखाना. पोस्ट.

कंडक्टरच्या पाठीला नाक टेकलं. थंड, ओलं. या वेळी ते उचललं गेलं नाही. कुत्रा सगळा भार टाकून तसाच उभा राहिला, त्याचा श्वास सदऱ्यातून आत येत होता. नुसती मान वळवली असती तरी पुरलं असतं. कंडक्टरने वळवली नाही. आयुष्यभर लोकांना पुढे सरका म्हणत आलो, तो मनात म्हणाला, सरक बाबा, तूही पुढे सरक.

"शाळा," मागे मुलगी म्हणाली.

नाक उचललं गेलं. फरशीवर नखं वाजली, थांबली, पुन्हा वाजली, लांब गेली. मग बराच वेळ काहीच नाही. मग चाटल्याचा, चावल्याचा आवाज.

"बाबा," मुलगी रडत होती, पण आवाज अगदी खाली होता. "बाबा, खाल्लं त्याने. माझ्या हातून खातोय. बघा ना."

"नको," कंडक्टर म्हणाला. "मी वळलो की तो परत येईल."

ती पुढचा थांबा म्हणाली. पाठीवरचा ओला डाग गार लागत होता. तो वाळेपर्यंत कंडक्टर भिंतीकडे बघत बसून राहिला.