फेब्रुवारीच्या जेवणात विचारलेला प्रश्न

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत मी टेस्टिंगला होते. शेजारच्या टेबलावर एक कृष्णवर्णीय बाई बसायची, माझ्याहून बरीच सीनियर. त्या कामातलं मला जे काही येतं ते तिनेच शिकवलेलं. तिच्या हाताखाली शिकलेली दोन गोरी पोरं तोवर मॅनेजर झाली होती. ती होती तिथेच.

कंपनीतल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचा एक ग्रुप होता, ती त्याची प्रमुख. "कोणीही येऊ शकतं," ती म्हणाली, म्हणून मीही जायला लागले. फेब्रुवारी हा त्यांच्या इतिहासाचा महिना म्हणून देशभर पाळतात, तेव्हा ग्रुपतर्फे जेवण असे. त्या वर्षी मोठे साहेब आले, दोनदा वाढून घेतलं, स्वयंपाकाचं कौतुक केलं. मग तिने शांतपणे विचारलं, "मॅनेजरची जागा रिकामी झाली होती, हे आम्हाला माणूस नेमल्यावरच का कळतं?"

साहेब हसले. "आज आनंदाचा दिवस आहे. आज नको."

पुढच्याच आठवड्यात ग्रुपची मीटिंगची खोली कॅन्सल केली. कारण काय, तर ग्रुपचा सूर निगेटिव्ह होतोय. म्हणजे जेवण घाला, गाणी म्हणा, पण बढतीचं नाव काढू नका. माझं डोकंच फिरलं.

त्यात माझ्या मॅनेजरने मला बाजूला घेतलं. "तू कशाला यात पडतेस? तुम्ही इंडियन लोक मुकाट काम करता. तुम्ही तसे नाही."

"तसे म्हणजे कसे?"

तो मीटिंग आहे म्हणत निघून गेला. घरी नवरा म्हणाला, "अगं, याच कंपनीकडून ग्रीन कार्ड व्हायचंय अजून. जरा दमानं घे." त्याची भीती खोटी नव्हती, म्हणून तर आणखी चीड आली.

मग ग्रुपमधले आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये, भर दुपारी, सगळ्यांच्या मधोमध बसायला लागलो. डबे उघडायचे आणि बढतीचंच बोलायचं. येणारे-जाणारे ऐकायचे, काही जण खुर्ची ओढून बसायचेही. अखेर कंपनीने रिकाम्या जागा सगळ्यांना ईमेलने कळवायला सुरुवात केली. पहिल्याच जागेसाठी तिने अर्ज केला. उत्तर आलं, नेतृत्वाचा अनुभव कमी पडतो.

हे कोणाला, तर जिने दोन मॅनेजर घडवले तिला!

तिने राजीनामा दिला आणि दुसऱ्या कंपनीत थेट मॅनेजर म्हणून गेली. ग्रुप चालू राहिला, मीही जात राहिले. तिच्या निरोपाच्या दिवशी केक कापताना माझा मॅनेजर म्हणाला, "आपलं फार मोठं नुकसान झालं." मी केक न घेता जागेवर जाऊन बसले.