दिवा विझेपर्यंत

दिनांक ११ मार्च २०१४ रोजी मापकाकांनी चार लाख बारा हजार पाचशे रोख मोजून एक जुनी डिझेल स्टेशन वॅगन विकत घेतली. विकणारे दातांचे डॉक्टर होते. गिऱ्हाईक बॉनेट उघडायला सांगेल, टायर बघेल, निदान चारदोन शिव्या देऊन भाव पाडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. मापकाकांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी मागचं दार वर उचललं, मागची एक सीट पाडली, चपला काढल्या आणि गुडघ्यांवर रांगत आत शिरून डॅशबोर्डापर्यंत टेप लावली.

"बसतोय," ते आतूनच म्हणाले.

"कोण बसतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ फुटी रॉड. जरा तिरका, पण बसतोय."

मापकाका पडदे बसवण्याचं काम करत. पडद्याच्या दुकानातून रॉड, हुक, ड्रिल आणि घडी केलेले पडदे घेऊन लोकांच्या घरी जायचं, खिडकीचं माप घ्यायचं, शिडीवर चढून भिंतीला भोकं पाडायची. खिशात टेप चोवीस तास असे, त्यावरून गल्लीतल्या मुलांनी नाव पाडलं, आणि हळूहळू मुलांचे आईबापही त्यांना मापकाकाच म्हणू लागले. याआधीच्या छोट्या गाडीत रॉड खिडकीतून हातभर बाहेर यायचे आणि त्यांना लाल फडकं बांधून, बैल हाकल्यासारखं गल्लीबोळांतून जावं लागायचं. नव्या गाडीत रॉड, शिडी, आई, बायको आणि लेक असा सगळा संसार एकाच वेळी मावत होता. शेजाऱ्यांनी पहिल्याच दिवशी शेरा मारला, "पुढून मोटार, मागून टेम्पो. काका, नक्की काय घेतलंत?"

"दोन्ही घेतलं, पैसे एकाचेच दिले," काका म्हणाले.

गाडी गुणी होती. डिझेल बेताचं प्यायची. थंडीत सुरू होताना म्हाताऱ्या माणसासारखी खाकरायची, पण एकदा सुरू झाली की दिवसभर कुरकुर नाही. काकांनी तिला जीव लावला. डिकीतल्या राखाडी गालिच्यावर जुनी चादर अंथरली आणि चादरीवर रॉड. गालिच्याला डाग पडलेला त्यांना खपत नसे. लेक लहानपणी एकदा बिस्किट खात गाडीत बसली होती, तेव्हा काकांनी गाडी थांबवून तिच्या मांडीवरचा चुरा स्वतः वेचला होता.

दुसऱ्या हिवाळ्यात डॅशबोर्डावर एक पिवळा दिवा लागला.

गॅरेजवाल्याने गाडीखाली डोकंही न घालता निदान केलं. "दिवसभरात किती हिंडता?"

"हिंडतो पुष्कळ. पण या गल्लीतून त्या गल्लीत."

"तेच दुखणं आहे. मंद चूल धूर करते ना, तसंच. सायलेन्सरच्या वाटेवर एक फिल्टर आहे, त्यात काजळी साठलीय. गाडी हायवेला न्या, घाटापर्यंत, चांगली तापू द्या. काजळी आपोआप जळून जाते. फक्त एक करा, दिवा विझेपर्यंत गाडी थांबवू नका. अर्धवट जळली तर पुन्हा चिकटते. आणि फिल्टर बदलायची वेळ आली, तर गाडीच्या किमतीचा चौथा हिस्सा बाजूला ठेवा."

"आणि या सल्ल्याचे किती?"

"सल्ल्याचे कसले पैसे? हात तरी काळे झालेत का माझे?"

त्या दिवशी काका एकटेच गेले. दिवा विझला, पण कामाशिवाय एवढं डिझेल जाळणं त्यांच्या जिवावर आलं. पुढल्या खेपेला त्यांनी घरच्यांना बरोबर घेतलं, म्हणजे निदान हवापालट तरी पदरात पडेल. मग दुकान बंद असायचं त्या दिवशी, दर गुरुवारी संध्याकाळी, दिवा लागो न लागो, सगळे निघू लागले. घरात त्याला नावच पडलं: काजळी जाळायला जाणं. काकू पुढे, मागे डावीकडे आजी उशी घेऊन, उजवीकडे लेक. दूधवाल्यालासुद्धा ठाऊक झालं, की गुरुवारी संध्याकाळी हे घर काजळी जाळायला गेलेलं असतं.

आता मापकाकांच्या एका खोडीविषयी सांगायला हवं. माणूस कष्टाळू, हिशोबाला चोख, कुणाशी मोठ्याने बोलणार नाही. पण घरात अवघड विषय निघाला की ते उठत. "जरा गाडी बघून येतो," म्हणत आणि खाली जाऊन काचा पुसत बसत. परत येईपर्यंत विषय थंड झालेला असे, निकाल मात्र लागलेला नसे. काकू शाळेच्या कचेरीत कारकून होत्या, तिथे त्या दहा जणांना वठणीवर आणत. घरी आल्या की हात टेकत. "तुमच्याशी भांडायचं म्हणजे जिन्याशी भांडायचं," त्या म्हणत. "मी बोलतेय आणि तुमची पावलं खाली वाजतायत."

गुरुवारच्या फेरीचं खरं मोल आधी काकूंच्याच लक्षात आलं. हायवेला लागल्यावर त्यांनी न्हाणीघरातल्या गळतीचा विषय काढला. काकांचा उजवा हात सवयीने दाराकडे गेला आणि स्टिअरिंगवर परत आला. गाडी तर थांबवता येत नव्हती! घाट येईपर्यंत गवंडी ठरला. पुढे आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन असंच चालत्या गाडीत ठरलं.

"आमच्या गाडीची काजळी जळते का माहीत नाही," काकू शाळेत सांगत, "घराची मात्र जळते."

लेकीच्या बाबतीत काकांचं एकच स्वप्न होतं, आणि ते त्यांनी गिऱ्हाइकांच्या भिंतींनासुद्धा सांगून झालं होतं. "मी जन्मभर शिडीवर उभा राहिलो. माझी लेक खुर्चीवर बसेल." म्हणून तिला हिशोबाच्या अभ्यासक्रमाला घातलं. त्यासाठी काकांनी सुट्टीच्या गुरुवारी सकाळचीही कामं धरली. लेक शेवटच्या वर्षाला आली. सकाळी पिशवी घेऊन निघे, संध्याकाळी दमून येई आणि जेवून झोपे. अभ्यासाने दमते, असं काका समजत होते. आजीला मात्र ऑपरेशनपासून नको तेवढं स्पष्ट दिसू लागलं होतं.

"हिशोबाला माती लागते का रे?" तिने एकदा ताटावर बसल्याबसल्या विचारलं. "पोरीची नखं बघ."

लेकीने हात मांडीखाली घेतले. काका म्हणाले, "जरा गाडी बघून येतो."

त्यानंतरच्याच गुरुवारची गोष्ट. दुपारी खरोखरच पिवळा दिवा लागला होता. मंडळी निघाली, हायवेला लागली. उजवीकडे रोपवाटिका लागते, हिरव्या जाळीचा मोठा मांडव आणि पुढे ओळीने कुंड्या. ती मागे पडली तशी लेक म्हणाली, "बाबा, मी कॉलेज सोडलंय."

काकूंनी मान वळवली ती तशीच राहिली.

"सोडलंय म्हणजे?"

"जात नाही. परीक्षेलाही बसले नाही."

काकांनी कडेचा इंडिकेटर दिला. टिक-टिक, टिक-टिक. गाडी थांबवायची, उतरायचं, दार आपटायचं आणि निदान एक काच तरी पुसायची, एवढंच त्यांना सुचत होतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल झाला.

"थांबू नकोस," मागून आजी म्हणाली. "दिवा आहे अजून."

दिवा खरंच होता. काकांनी दिव्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि पाय पुन्हा दाबला. इंडिकेटर बंद करायचं भान मात्र कुणालाच राहिलं नाही. घाटाचं पहिलं वळण येईपर्यंत तो वाजत राहिला.

"घरी सांगता येत नव्हतं?"

"घरी तुम्ही गाडी पुसायला गेला असता," लेक म्हणाली. "दिवा कधी लागतोय याचीच वाट बघत होते मी."

आजीने तोंडाला पदर लावला. हसू होतं की खोकला, ते कळलं नाही.

"मग रोज सकाळी जातेस कुठे?" आता काकूंना वाचा फुटली.

"आत्ता मागे गेलं ना, ते. हिरवी जाळी. रोपं लावते, कलमं बांधते. पगार मिळतो, थोडा आहे."

"म्हणजे दर गुरुवारी आपण तिथूनच..."

"दर गुरुवारी. मी मान खाली घालून बसायचे, मालकीणबाई हात करतील म्हणून."

"घ्या!" आजी म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही डिझेल जाळून."

काकांना हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची होती. गेली कित्येक वर्षं शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून, भिंतीची माती डोळ्यांत जात असताना, त्यांनी तिच्याकडे बघून दिवस काढले होते. "आम्ही रक्ताचं पाणी केलं," ते म्हणाले, आणि आवाज त्यांच्या हातात राहिला नाही. "ते काय, तू जन्मभर मातीत हात घालून बसावंस म्हणून?"

लेक रडली नाही. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला शिडीवर चढायला आवडत नाही?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. गिऱ्हाइकं दर विचारत, वेळ विचारत, धूळ किती होईल ते विचारत. उत्तर काकूंनी दिलं.

"आवडत नाही? अगं, तू पाळण्यात होतीस तेव्हा दुकानाच्या मालकांनी यांना गल्ल्यावर बसवलं होतं. पंखा, गादीची खुर्ची, पगारही जास्त. आठव्या दिवशी हे परत शिडीवर! म्हणाले, बसून पाठ धरली."

"पाठ धरलीच होती," काका पुटपुटले.

"मी काही म्हटलं का? पाठ तुमची होती."

घाट सुरू झाला. काकांनी गिअर खाली घेतला, इंजिनाने सूर वाढवला. गाडी थांबवता आली असती तर त्या चढाच्या आधीच काका असं काही बोलून बसले असते, जे बापाला परत घेता येत नाही. शब्द तोंडाशी आलेही होते. पण वळणं येत गेली, हात कामात राहिले, आणि एकेका वळणाला राग थोडा थोडा सांडत गेला. वरच्या सपाटीला आल्यावर ते एवढंच म्हणाले, "कलम बांधायला किती वेळ लागतो?"

"मला अजून वेळ लागतो. मालकीणबाई पटापट बांधतात."

"हात बसेल. पहिल्या वर्षी माझा एक रॉड सरळ लागत नव्हता."

"दिवा गेला रे," आजी म्हणाली.

आता थांबायला हरकत नव्हती. काकांनी सपाटीवर गाडी वळवली, आणि ती थांबली ती थेट हिरव्या जाळीपाशी. मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. लेकीने तिची ओळ दाखवली, एकसारख्या अंतरावर लावलेली रोपं. काकांनी न राहवून खिशातली टेप काढली, दोन ठिकाणी लावून पाहिली आणि परत ठेवली. चुकत नव्हतं. मग त्यांची नजर वर गेली.

"ही जाळी कुणी बांधली? तिरकी आहे. हुक कमी पडलेत, वाऱ्याने फाटेल."

"माणूस मिळत नाही हो," मालकीणबाई म्हणाल्या.

काकांनी डिकी उघडली आणि शिडी काढली. उजेड होता तोवर जाळी ताणून झाली. लेकीने शिडी धरली होती. माफ केलं, ठीक आहे, कर तुला हवं ते, असलं काही वरून बोललं गेलं नाही. "हुक दे" आणि "शिडी नीट धर" एवढंच खाली आलं, पण लेकीला ते पुरलं. शिडी धरूनच ती डोळे पुसत होती आणि आजी गाडीच्या खिडकीतून ओरडत होती, "अगं, दोन्ही हातांनी धर! बाप आहे वर!"

मालकीणबाईंनी मजुरी विचारली, काकांनी कानांवर हात ठेवले. तेव्हा त्यांनी दोन मोठ्या कुंड्या डिकीत ठेवून दिल्या. परतीच्या पहिल्याच वळणावर एक कुंडी कलंडली आणि ओली माती राखाडी गालिच्यावर पसरली. काकूंनी श्वास रोखला. काकांनी आरशात पाहिलं आणि ते गाडी चालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजवाल्याकडे डिकीच्या मापाची रबरी मॅट मागितली. माप कागदावर नेलं होतं, कोपऱ्यांच्या गोलाईसकट.

"माती वाहायला लागलात की काय?" गॅरेजवाल्याने विचारलं.

"लेक वाहते," काका म्हणाले, आणि हे सांगताना त्यांची मान ताठ होती.

गाडीने आता म्हातारपण गाठलं आहे. एका दाराचा रंग उडालाय, खाकरणं लांबलंय. वाया गेलेल्या फीचा विषय अजून अधूनमधून निघतो, पण गाडीतच निघतो आणि गाडीतच संपतो. सकाळी काका लेकीला हायवेने रोपवाटिकेत सोडतात, त्यामुळे पिवळा दिवा फारसा लागतच नाही. मागल्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाला म्हणाला, "आता गुरुवारी मुद्दाम न्यायची गरज नाही हिला."

"हिला नसेल," काका म्हणाले.

मॅटचे राहिलेले पैसे द्यायला त्यांनी तेव्हाही पाकीट काढलं होतं. गॅरेजवाल्याचे हात ग्रीसने भरलेले होते. तो म्हणाला, पुढच्या खेपेला द्या. रबरी मॅटचे चारशे ऐंशी अजून द्यायचे आहेत.