बस्त्याच्या दिवशी मी गादीवर चढलो

मी साड्या दाखवतो. गुलमंडीतल्या एका दुकानात, गादीवर मांडी घालून, सकाळी दहापासून शटर पडेपर्यंत. इंजिनियरिंगची डिग्री आहे माझ्याकडं, मेकॅनिकलची, फर्स्ट क्लास, पण हे मी विचारल्याशिवाय सांगत नाही. सांगितलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो की मलाच त्याची समजूत घालावी लागते. "अरेरे, मग इथं?" इथं म्हणजे काय हो? बरं चाललंय माझं इथं!

दीड वर्ष वाळूजच्या एका कारखान्यात काढलं. लोखंडी तुकडे मोजायचे, कागदावर टिक करायची, साहेब ओरडला की मान खाली घालायची. पुढं माणसं कमी केली, त्यात मीही गेलो. मित्राच्या ओळखीनं लग्नसराईपुरता दुकानात लागलो, त्याला आता आठ वर्षं झाली. मला हे काम आवडतं, एवढी साधी गोष्ट आहे, पण लोकांच्या पचनी पडत नाही. एकदा मेंढरं राखणारी एक म्हातारी सुनेसाठी लुगडं घ्यायला आली. वीसेक उलगडली, तिचं काही ठरेना. शेवटी मलाच म्हणाली, "तूच सांग लेकरा, मला काय कळतंय." मी काढून दिलं ते तिनं निमूट पिशवीत घातलं. कारखान्यात दीड वर्षात माझ्यावर एवढा भरवसा कुणी टाकला नव्हता.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे अजिबात मान्य नव्हतं. आमचं गाव पाचोडजवळ. मोसंबीच्या बागेत राबून त्यांनी मला शिकवलं, आणि पोरगा बायांच्या साड्या अंगावर घेऊन दाखवतो हे त्यांच्या जिवाला लागलं होतं. गावात सांगायचे, "पोरगं कंपनीत हाय." मी चिडायचो, मग सोडून द्यायचो. बापाशी भांडून भांडून किती भांडणार?

पण गेल्या वर्षी बहिणीचं लग्न जमलं तेव्हा त्यांनी पाहुण्यांनाही तेच सांगितलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, बहिणीला तर मनापासून आवडलेला. आता हे खोटं उघडं पडलं तर पाहुणे काय म्हणतील, या धास्तीनं तिला झोप येईना. त्यात बस्ता ठरला. बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एकत्र बसून लग्नाची झाडून सगळी कापडखरेदी करतात, नवरीच्या शालूपासून आत्या-मावश्यांच्या साड्यांपर्यंत. बस्त्यात रुसवेफुगवे होऊन लग्नं मोडायच्या बेताला आलेली मी गादीवरून पाहिली आहेत.

अण्णांनी बस्ता मुद्दाम सिडकोतल्या दुसऱ्या दुकानात ठेवला. आदल्या दिवशी मला फोन केला. "शर्ट खोचून ये. आन् लई बोलू नको. लग्न होऊन जाऊ दे, मंग बघू." आवाजात विनवणी होती. बहिणीसाठी एक दिवस कंपनीतला साहेब व्हायला माझं काय जात होतं? हो म्हणालो.

शर्ट खोचून गिऱ्हाईक म्हणून खुर्चीवर बसलो. शालू झाला, हळदीची साडी झाली, सगळं गोडीत चाललं होतं. मग नवरदेवाच्या आत्याची पाळी आली. सेल्समन नवखा असावा. त्यानं त्यांच्यापुढं आहेराच्या गठ्ठ्यातल्या साड्या टाकल्या. आहेराची साडी म्हणजे कुणालाही देता येईल अशी, हलकी. थोरल्या आत्याला ती दाखवायचीच नसते. तिची साडी मानाची, ती तिला विचारून, उलगडून, अंगावर लावून निवडायची. आत्यांनी एका बोटानं साडी बाजूला सारली. "मला नको काही. हायेत घरी लुगडी."

"रंग नाय आवडला का?" कुणीतरी विचारलं. अहो, रंगाचं काय घेऊन बसलात, बाईचा मान गेला! सेल्समननं दुसरा गठ्ठा ओढला, तोही आहेराचाच. आत्या उठून चपला शोधायला लागल्या. "आक्का, बस की," म्हणत नवरदेवाचे वडील मागं धावले.

माझं डोकं सटकलं. चपला काढल्या, गादीवर चढलो, गठ्ठा लोटून दिला. "वरच्या कप्प्यातल्या काठपदराच्या द्या. शेवाळी आधी." साडी झटक्यात उलगडली, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकला, चार निऱ्या बोटांत धरून कमरेला लावल्या. "आत्या, जायचं तर जा, पण एकदा आरशात बघून जा. हा काठ तुमच्यासारख्या उंच बाईलाच शोभतो." एक पाय चपलेत घातलेल्या आत्या तशाच थांबल्या.

सेल्समन खूश होऊन म्हणाला, "कौनसे दुकान में हो, भाई?"

नवरदेवाचे वडील म्हणाले, "दुकान? तुम्ही कंपनीत ना?"

बहिणीनं मान खाली घातली. कॉलेजात असताना मित्राच्या दुकानात बसायचो, अशी थाप माझ्या ओठावर आली होती. खांद्यावर शेवाळी पदर घेऊन मी तसाच उभा.

"कंपनीत नाय तो." अण्णा बोलले. "सात वर्षं झाली, साड्याच्या दुकानात हाय."

"मंग खोटं कामून सांगितलं?" नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं.

"मला लाज वाटायची," अण्णा म्हणाले. "त्याला कधीच नाय वाटली. चूक माझी हाय. माझ्या पोरीला बोल लावू नका."

नवरदेवाच्या वडिलांनी बहिणीकडं पाहिलं, मग आक्काकडं. आत्यांनी पाय चपलेतून बाहेर काढला आणि परत बसल्या. "तो काठ जवळून दाखव रे," मला म्हणाल्या. आणि भावाला, "बाकीच्यांच्या बी ह्यालाच काढू दे. नायतर बस्ता उद्यापर्यंत उरकायचा नाय."

"लग्न ठरलंय ते ठरलंय," नवरदेवाचे वडील अण्णांना म्हणाले. "पण आता असं झाकून ठेवत जाऊ नका आपल्यात." बहिणीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

मग तीन तास मी साड्या दाखवल्या. परक्या दुकानात, फुकट! शेवटी गादीवर उलगडलेल्या साड्यांचा ढीग पडला, तेव्हा अण्णा वर चढून आले. माझ्या दुकानाची पायरीसुद्धा कधी न चढलेला माणूस. ढिगातली एक साडी उचलून त्यांनी एक टोक माझ्याकडं दिलं. "कसं धरायचं असतंय?"

"काठाला काठ लावा." त्यांना जमेना. मोसंबीच्या झाडांची सवय असलेल्या त्या खरबरीत हातांतून रेशीम सारखं निसटायचं. मी जवळ गेलो, त्यांची बोटं धरून काठाला काठ लावून दाखवला. अण्णा माझ्या हाताकडं लक्ष देऊन बघत होते, आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मला रडू फुटलं.