मुक्ताची उशिराची पाचवी, व्हाया राहुरी

आमची मुक्ता आठ महिन्यांची झाली, तरी तिच्या नशिबात काय आहे हे ठरलेलं नव्हतं, कारण ते लिहायला कुणी आलंच नव्हतं. हे मत माझं नाही, माझ्या नणंदेचं, कोपरगावजवळच्या आक्कांचं.

मुक्ताला आम्ही दत्तक घेतलं, ती पाच महिन्यांची असताना. बारशाचं आमंत्रण द्यायला फोन केला तर आक्का म्हणाल्या, "पाचवी पुजली न्हाई, सटवाईनं कपाळावर लिहिलं न्हाई, आन् तुमी नाव ठेवायला निघाले व्हय?" बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्याच आली नाही. शेवटी सोसायटीतल्या मैत्रिणीने कुर्र केलं आणि पाठीत धपाटेही तिनेच खाल्ले. मला मात्र ते फार लागलं. आक्कांना ही पोर आपली वाटत नाही, पाचवी नुसतं निमित्त आहे, असं मी धरूनच चालले होते.

"समीर, चल," मी नवऱ्याला म्हटलं. "करून टाकू ती पाचवी. मग बघते पुढचं कारण काय काढतात."

बाळ घेऊन पुण्याहून निघणाऱ्यांना एकच सल्ला: 'पहाटे निघू' असं एकमेकांना सांगू नका, उगाच भांडणं होतात. आम्ही उन्हं वर आल्यावर निघालो. नगरजवळ केडगावला मिसळ खाल्ली. स्वस्त आणि झणझणीत. तर्री वेगळी मागा, नाहीतर पुढचा प्रवास पाण्याच्या बाटलीला मिठी मारून होतो. गल्ल्यावरचे काका मुक्ताकडे बघून म्हणाले, "बाळ कोणावर गेलंय?"

"अजून ठरवलं नाही तिने," मी म्हटलं. काकांनी गुपचूप सुटे पैसे परत दिले.

राहुरीच्या पुढे रस्ता आहे असं मोबाईलचा नकाशा म्हणतो. असेलही. आम्हाला खड्डे लागले आणि समोर उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्यामागे रांगताना मी सटवाईची यथेच्छ टिंगल केली. पाचव्या रात्रीचं काम आठव्या महिन्यात, म्हणजे हिच्याकडेही फायली तुंबतात वाटतं! खरं तर आम्हाला हसायचं तोंड नव्हतं. मी दोन शाळा बघून ठेवल्या होत्या, आणि समीरने दात न आलेल्या पोरीसाठी दुर्बीण घेतली होती. पोरगी शास्त्रज्ञ होणार म्हणे.

दारात आक्कांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. "आत घ्या तिला," म्हणाल्या, पण हात काही पुढे केला नाही. ते मी बरोबर टिपलं.

दिवेलागणीला पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि सटवाईला लिहायला कोरा कागद आणि पेन ठेवलं. शेजारच्या काकू आल्या होत्या. "कलेक्टर लिव्ह गं बाई," त्यांनी देवीला फर्मावलं. आक्का वात आणायला आत गेल्या तेवढ्यात समीरने गंमत म्हणून कागदावर 'शास्त्रज्ञ' लिहिलं. मग मलाही राहवेना. मी खाली 'पोहणं, फ्रेंच' एवढंच घातलं. थोडक्यात आवरलं म्हणायचं.

आक्कांनी बाहेर येऊन कागद बघितला.

"सम्या! कागद कोरा ठेवायचा अस्तो. समदं तुमीच लिहिलं तं तिनं काय निस्ती सही करायची?"

कागद चुलीत गेला. दुसरा आला, आणि आम्ही दोघं हाताची घडी घालून शाळेत बसतात तसे बसलो.

तेवढ्यात काकूंनी विचारलंच, "पन आक्का, हिचे खरे आईबाप कोन हुते?"

हे ऐकायलाच आपण एवढी हाडं खिळखिळी करून घेतली, असं मला वाटलं.

आक्कांनी वातीवरून नजरही उचलली नाही. "हे काय समोर बसल्यात. तुला दिसंना झालं का?"

मग त्यांनी मुक्ताला उचलून छातीशी धरलं आणि तिच्या कानाला तोंड लावलं.

"काय सांगितलं?" मी विचारलं.

"नाव. दुसरं काय? माझा मान ऱ्हायला हुता." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "रागावलीस ना? अगं, उद्या पोरीचं जरा बिनसलं की लोकं म्हन्तील, हिची पाचवीच झाली न्हाई. ती तोंडं आधी बंद करायची हुती." आणि पाठ पुढे केली. "मार आता धपाटा."

मी मारला.

"आई गं! लई जोरात!"

"तीन महिन्यांचा साठला होता, आक्का," मी म्हटलं, आणि दोघी हसता हसता रडलो.

येताना खड्डे तेच होते. आक्कांनी तो कोरा कागद मुक्ताच्या उशाखाली ठेवायला दिला होता. घरी दुसऱ्याच दिवशी मुक्ताने त्याचा अर्धा भाग चघळून खाल्ला. घाबरत आक्कांना फोन केला.

"खाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिचाच हाय."

दुर्बीण माळ्यावर गेली. शाळांचं मी सध्या बोलत नाही, म्हणजे रोज बोलत नाही. सटवाईवर माझा आजही विश्वास नाही. पण रोज अंघोळीनंतर मुक्ताला तीट लावताना त्या स्वच्छ कपाळाकडे बघून हात जरा थांबतो. बाई गं, वाटेल ते लिही, मी पेनाला हात लावणार नाही. फक्त तिच्या नशिबात आम्हा दोघांना कुठेतरी बसव.