पीत पत्रकारिता आणि आमची शंभर कलमं

माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मी दोन शब्दांनी जवळजवळ मोडलं. ते शब्द म्हणजे 'पीत पत्रकारिता'.

चार वर्षांपूर्वी इथल्या एका साप्ताहिकात बातमी आली, 'वादळात हातखंब्याजवळ शेकडो झाडे भुईसपाट.' मी स्कूटरवरून जाऊन मोजली. अकरा! (त्यातलं एक आदल्या वर्षीच पडलेलं.) लगेच संपादकांना पत्र धाडलं, 'याला पीत पत्रकारिता म्हणतात!' त्यांनी ते माझ्या नावानिशी छापलं.

यंदा मेघनाने ऑफिसातला निखिल पसंत केला. रीतीप्रमाणे बायोडाटा गेला. त्याचे आईवडील येणार त्या सकाळी ती म्हणाली,

"बाबा, निखिलचे पप्पा साप्ताहिक चालवतात."

"कुठलं?"

"तेच."

"आता तोंडात गुळणी धरून बसा!" बायको कडाडली. मेघनाचे डोळे भरले होते.

निखिलला आणि त्याच्या आईला घेऊन संपादक शिर्के आले. कोकम सरबत घेतलं आणि म्हणाले, "जरा बाग बघून येतो."

अर्धा तास झाला तरी पत्ता नाही! खिडकीतून पाहिलं, तर ते बोट उगारून या कलमाकडून त्या कलमाकडे चाललेले. ते बोट मी ओळखलं. माणूस मोजत होता!

आणि बायोडाटात मीच लिहिलं होतं, 'हापूसची शंभर कलमं.' (आमची सदतीस. बाकीची चुलतभावांची, पण सातबारा एकच, म्हणून सगळी धरली. आमच्याकडे धरतात!)

शिर्के परत येऊन बसले.

"सदतीस झाली आणि कुंपणाचा गडगा लागला. पलीकडून तुमचे चुलतभाऊ ओरडले, 'इथनं फुडं आमची हो!'"

मग ते माझ्याकडे वळले.

"सावंत, पीत पत्रकारिता म्हणजे नक्की काय हो?"

"म्हणजे... खप वाढावा म्हणून साधी गोष्ट फुगवून, भडक करून छापायची."

"आणि बायोडाटात छापली तर?"

बायकोने डोळे मिटले. निखिल जमिनीकडे बघत बसला.

"तेव्हाही... तेच म्हणायचं," मी कसाबसा बोललो.

शिर्के खो खो हसले. "चूक कबूल करणारा वाचक पहिल्यांदाच भेटला! वहिनी, साखर आणा!"

साखरपुड्याची बातमी त्यांच्या साप्ताहिकात आली, 'शेकडोंच्या उपस्थितीत सोहळा.' मी मोजली होती. आचाऱ्यांसकट एक्क्याण्णव! तावातावाने कागद ओढला, पेन उघडलं.

बायको स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "सदतीस."

मी पेनाला टोपण लावलं.