मोकळी मनगटं

आज सुमन भाकऱ्या थापत होती, पण बांगड्यांचा आवाज नव्हता.

मला साधा आवाजही सहन होत नाही. चमचा ताटाला लागला तरी कुणी कवटीत खिळा ठोकल्यासारखं होतं. तीन डॉक्टर झाले, कानात मंद खरखर सोडणारं यंत्रही झालं. दुखणं माझ्या कानात, मार मात्र माझ्या बायकोला. परवा बांगड्या किणकिणल्या, तसं तिचं मनगट पिरगाळून मी ओरडलो, “फोड त्या!”

शेजारच्या काकू दारातूनच कडाडल्या, “अगं, नवरा धडधाकट असताना हात मोकळे?”

“त्यांच्यासाठीच काढल्यात,” सुमन म्हणाली.

मग काकूंना मनगटावरचे निळे वळ दिसले. त्या एकदम हळू बोलू लागल्या. माझ्या कानांसाठी नव्हे.